अंगणच वांकडें

या वर्षींच्या अंकासाठीं विद्यार्थ्यांकडून जे निबंध आले, त्यांत लडाखच्या सफरीचीं वर्णनें तीन होतीं. तिन्ही वर्णनांत लेहपासून सुमारें ३० किलोमीटरांवर, कारगिलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर असलेली 'चुंबकीय टेकडी' आहे. तिन्हींत असें लिहिलें आहे कीं, गाडीचें इंजिन बंद करून ब्रेक सोडतांच गाडी आपण होऊन चढावर चालूं लागली. आणि तिन्हींत त्याचें कारणहि एकच दिलें आहे, कीं टेकडीच्या पोटांत प्रचंड लोहचुंबक असून तो गाडीस ओढून घेतो. लिहिणारीं मुलें बुद्धिमान् आहेत. त्यांतील दोघांस गेल्या परीक्षेंत पदार्थविज्ञानांत उत्तम गुण मिळाले होते. त्यांनीं थाप मारली असें आम्हांस क्षणभरहि वाटत नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें लिहिलें, आणि तेथील फलकावर जें वाचलें व गाडीवाल्याकडून जें ऐकलें तें खरें मानलें. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

नाचतां येईना अंगण वांकडें, अशी आपल्यांत म्हण आहे. स्वतःचा दोष अंगणाच्या माथीं मारणाऱ्यास उद्देशून ती म्हटली जाते. ज्या जागांविषयीं आम्ही आज लिहीत आहों, तेथें मात्र प्रकार नेमका उलटा आहे. तेथें अंगण खरोखरच वांकडें असतें, आणि नाचणारा शपथेवर सांगतो कीं तें सरळ आहे. वांकडें कांहीं असेल तर तें पृथ्वीचें आकर्षण!

अशा जागा जगांत पुष्कळ आहेत. कांहीं निसर्गानें सहज घडविल्या; कांहीं मनुष्यानें रस्त्याच्या कडेला तिकिटाची खिडकी लावून मांडल्या. या दुसऱ्या प्रकारांत अमेरिकेचा हात कोणी धरणार नाहीं. ओरेगन राज्यांत गोल्ड हिल गांवाजवळ सन १९३० सालीं जॉन लिट्स्टर नांवाच्या गृहस्थांनीं 'ओरेगन व्हॉर्टेक्स', म्हणजे ओरेगनचा भोंवरा, या नांवाची जागा लोकांस पाहण्यास खुली केली. तेथें मुळांत सोन्याच्या खाणीच्या एका कंपनीची लांकडी कचेरी होती. ती पायावरून घसरून कलली, आणि तें कललेलें घर हेंच पुढें जागेचें भांडवल झालें. सुमारें १६५ फूट व्यासाच्या वर्तुळांत निसर्गाचे नियम बदलतात, असें तेथें सांगण्यांत येऊं लागलें. पुढें दहा वर्षांच्या आंत-बाहेर कॅलिफोर्नियांत सांताक्रूझच्या डोंगरांत, रेडवुडच्या उंच झाडांच्या रानांत, 'मिस्टरी स्पॉट' नांवाची दुसरी जागा सुरू झाली. या दुसऱ्या जागेस सन २०१४ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें ऐतिहासिक स्थळांच्या यादींतहि स्थान दिलें. कित्येकांस हें हास्यास्पद वाटलें असेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मोटारी घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें ज्या काळांत प्रथम रस्त्यावर आलीं, त्या काळच्या करमणुकीचा तो नमुना आहे, आणि करमणुकीलाहि इतिहास असतो.

आंत काय दाखवितात तें थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण सर्व खुबी त्यांतच आहे. प्रेक्षक दाट झाडींतून, चढत्या पायवाटेनें, कललेल्या कुंपणाच्या बाजूनें त्या घराशीं येतो. क्षितिज कोठेंच दिसत नसतें. घराची जमीन, भिंती, दारें, खिडक्या, छपराच्या तुळया हीं सर्व एकाच बाजूस, एकाच अंशानें कललेलीं असतात. त्यामुळें त्यांचें आपसांत कांहींच भांडण नसतें. एक साक्षीदार खोटें बोलला तर तो पकडतां येतो. परंतु घरांतील यच्चयावत् रेषांनीं एकच जबानी दिल्यावर डोळा बिचारा काय करणार? भिंत ती उभी, जमीन ती सपाट, असें तो गृहीत धरतो. एकदां एवढें गृहीत धरलें कीं पुढचे चमत्कार ओघानेंच येतात. साखळीला टांगलेलें वजन सरळ खालीं लोंबत असतें, पण तें तिरपें ओढल्यासारखें दिसतें. भिंतींतून बाहेर आलेल्या फळीचें टोंक वर गेलेलें भासतें, आणि तिजवर ठेवलेला चेंडू त्या 'वरच्या' टोंकाकडे घरंगळत जातो. वस्तुतः तें टोंक घराच्या मानानें वर असतें. पृथ्वीच्या मानानें तें खालींच असतें. चेंडूनें पृथ्वीचें ऐकलें, प्रेक्षकानें घराचें ऐकलें, इतकाच काय तो फरक.

सर्वांत मौजेचा खेळ उंचीचा. समतल फळीच्या दोन टोंकांस दोन माणसें उभीं करतात, आणि फळी समतल आहे हें गवंड्याची पाणसळ ठेवून सर्वांस दाखवितात. मग दोघांनीं जागा बदलल्या कीं एक क्षणापूर्वीं उंच दिसणारा ठेंगणा होतो, आणि ठेंगणा उंच. येथें पाणसळ खोटी नसते. फळी खरोखरच समतल असते. वांकडें असतें तें भोंवतालचें, म्हणजे कुंपण, जमिनीची कड, मागच्या छपराची रेघ. प्रेक्षक दोघांच्या डोक्यांवरून मनांतल्या मनांत एक रेषा ओढतो व ती त्या वांकड्या रेषांशीं ताडून पाहतो. फसवणुकीच्या कामीं खरें मापच साक्षीस आणावें, ही युक्ति ज्यानें प्रथम योजिली त्याच्या चातुर्यास दाद दिलीच पाहिजे.

या जागांची थट्टा करून स्वस्थ न बसतां कांहीं विद्वानांनीं त्यांचा अभ्यासहि केला आहे. सॉलोमन ॲश व हर्मन विट्किन यांनीं सन १९४८ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतींत पायाभूत होत. त्यांनीं माणसांना कललेल्या खोलीसमोर व खोलींत ठेवून, उभी रेषा कोणती तें दाखविण्यास सांगितलें. बरेच लोक खोलीच्या कलाकडे ओढले गेले. कांहीं फार, कांहीं थोडे. माणसामाणसांत एवढा फरक असावा हीच त्यांतील नवलाची गोष्ट. पुढें सन १९९९ सालीं बर्कले येथील आर्थर शिमामुरा व विल्यम प्रिन्झमेटल या मानसशास्त्रज्ञांनीं सांताक्रूझच्या घराविषयीं लिहिलें. समांतर रेषांवर आडव्यातिडव्या बारीक रेघा मारल्या म्हणजे त्या समांतर रेषा वांकड्या दिसूं लागतात, ही १८६० सालापासून प्रसिद्ध असलेली झॉल्नरची आकृति आपल्या वरच्या वर्गांतील मुलांनीं पाहिलीच असेल. कागदावरील तो भ्रम आणि त्या घरांतील भ्रम हे एकाच कुळांतले, असें त्यांचें म्हणणें आहे. कागद बाजूस ठेवतां येतो. घराच्या आंत मात्र आपण स्वतःच उभे असतों, म्हणून त्याचा जोर अधिक.

हें पटविण्यास अमेरिकेस जाण्याची गरज नाहीं. गेल्या सत्रांत आम्हीं एका मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आंतून रेघांचा कागद चिकटविला, दोन खिडक्या काढल्या, छतापासून दोऱ्याला एक लोखंडी नट टांगला, आणि खोक्याच्या एका बाजूखालीं शब्दकोशाचे दोन खंड सारून तें कलतें केलें. पुढच्या बाजूस डोळा लावण्यापुरतें भोंक ठेवलें. दोरा कसा दिसतो, असें विचारल्यावर मुलांनीं एकामागून एक तो तिरपा असल्याचें सांगितलें. एकानें तर खोक्याखालीं हात घालून लोहचुंबक शोधला! शब्दकोश दिसत होते, खोकें कललेलें दिसत होतें. तरी भोंकाला डोळा लावला कीं दोराच तिरपा.

आतां नैसर्गिक टेकड्यांकडे वळूं. तेथें घर नाहीं, तिकीट नाहीं, कोणी मुद्दाम कांहीं वांकडें केलेलें नाहीं. तरी काम तेंच होतें. रस्ता खरोखर किंचित् उतरता असतो. भोंवतालच्या डोंगरांच्या उतरणी, पुढील रस्त्याचा अधिक तीव्र उतार, आणि झाकलें गेलेलें क्षितिज यांच्या संगतींत तो थोडा उतार चढासारखा दिसतो. इटलींतील पाओला ब्रेसान व त्यांचे सहकारी यांनीं सन २००३ सालीं टेबलावर मावतील अशा रस्त्यांच्या प्रतिकृति करून हें सिद्ध केलें. फळ्यांचे उतार कमीअधिक करून, खरें क्षितिज झांकून, त्यांनीं हवा तेव्हां तोच भ्रम उत्पन्न केला. टेबलावरच्या त्या लहानशा डोंगरांत चुंबक कोठून येणार?

चुंबकाची कल्पना तपासण्यास तर टेबलहि नको. लांबून मोटार ओढण्याइतका प्रबळ चुंबक डोंगरांत असेल, तर त्यानें प्रवाशाच्या खिशांतील किल्ल्यांना आधीं हात घातला असता आणि होकायंत्राची सुई जागेवर राहूं दिली नसती. रबरी चेंडूस चुंबक ओढीत नाहीं. पण रस्त्यावर ठेवलेला चेंडू गाडीच्याच दिशेनें जातो. पाण्यास लोखंडासारखा तो ओढीत नाहीं. पण छत्तीसगडांत मैनपाट येथें 'उलटा पानी' म्हणून जो ओहोळ प्रसिद्ध आहे, तो तर नुसत्या पाण्याचाच आहे आणि चढावर वाहतांना दिसतो. आमच्या तीन निबंधकारांपैकीं एकानेंहि गाडींतून उतरून रस्त्यावर बाटलीभर पाणी ओतलें नाहीं, याचें मात्र आम्हांस वाईट वाटतें. बाटली हातांत होती!

येथें एक खुलासा केला पाहिजे, नाहींतर वाचक आम्हांसच पेंचांत धरतील. जुन्नरच्या बाजूस नाणेघाटांत पावसाळ्यांत 'उलटा धबधबा' दिसतो, तो भ्रम नव्हे. कोंकणाकडून येणारा जोराचा वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळून वर वळतो आणि पडत्या पाण्यास उचलून परत कड्यावर फेंकतो. तेथें पाणी खरोखरच वर जातें. जो उभा राहून पाहील तो नखशिखांत भिजेल. वारा पडला कीं तो धबधबा चारचौघांसारखा खालीं कोसळूं लागतो. तेव्हां जें जें उलटें दिसेल तें तें खोटें, असाहि नियम करूं नये. प्रत्येक जागीं निराळी चौकशी करावी लागते, आणि हें काम थोडें कंटाळवाणें आहे हें आम्ही कबूल करतों.

आमच्या म्हणण्यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो, ही सर्व फसवेगिरी. मुलांना अशा ठिकाणीं नेऊंच नये. आमचें मत अगदीं उलट आहे. अवश्य न्यावें. लांकडी घराला तिकीट पडलें तरी द्यावें. वर्गांत आम्हीं फळ्यावर वर्षभर खडू झिजवून जें मुलांस पटवूं शकत नाहीं, तें ती कललेली खोली पांच मिनिटांत पटविते. आम्हांस खुपतें तें वांकडें घर नव्हे, तर त्या घराबरोबर दिलें जाणारें वांकडें कारण. घर पाहून डोळा फसतो, आणि बाहेर आल्यावर फसल्याची मौज वाटते. कारण ऐकून बुद्धि फसते, आणि ती फसगत मूल घरीं घेऊन जातें, निबंधांत लिहितें, पुढें आपल्या मुलांसहि सांगतें.

दुसरा पक्ष अधिक रसिक आहे. तो म्हणतो, कारण सांगितलें कीं गंमत गेली. गूढ आहे तोंवरच लोक येतात. हा आक्षेप ऐकावयास गोड आहे, पण तो खरा नाहीं. सन १८९४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनांत एक 'भुताचा झोंपाळा' होता. झोंपाळा जवळजवळ स्थिर असे आणि त्याभोंवतीं सबंध खोली, भिंतीवरच्या तसबिरी व टेबलखुर्च्यांसह, हेलकावे खात शेवटीं पुरी उलटी फिरे. बसलेल्यांना मात्र आपणच डोकें खालीं, पाय वर होऊन फिरलों असें वाटे. पुढें प्रसिद्धीस आलेले पदार्थशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनीं दुसऱ्याच वर्षीं त्याचें वर्णन लिहिलें. अशा झोंपाळ्याची क्लृप्ति माहीत करून घेऊन आंत बसणाऱ्याचेहि हात दांड्यावर घट्ट आवळले जातात. आमच्या खोक्याचाहि अनुभव तोच. ज्ञानानें भ्रम जात नाहीं. तो तसाच राहतो, आणि त्याच्या शेजारीं ज्ञान येऊन बसतें. असा दुहेरी आनंद ज्यास मिळूं शकतो, त्यास एकेरी कां द्यावा?

शिवाय प्रत्यक्ष उदाहरणच आहे. स्कॉटलंडमध्यें एअरशायरच्या किनाऱ्यालगत एक रस्ता आहे. त्यास 'इलेक्ट्रिक ब्रे', म्हणजे विजेचा चढ, असें म्हणतात. लडाखांत दिसतो तोच देखावा तेथें दिसतो. तेथें रस्त्याच्या कडेला एक दगड कोरून बसविला आहे. त्यावर गूढ वगैरे कांहीं नाहीं. रस्त्याचें पश्चिमेकडील टोंक समुद्रसपाटीपासून २८६ फूट, पूर्वेकडील ३०३ फूट, चढ ८६ स १. परंतु दोन्ही बाजूंच्या जमिनीच्या ठेवणीमुळें उतार उलट दिशेनें आहे असें दिसतें, म्हणून ब्रेक सोडलेली गाडी हळूहळू चढावर जात असल्याचा भास होतो, असा मजकूर त्यावर आहे. विजेचें नांव, पूर्वीं लोक चुकीनें वीज किंवा चुंबक हें कारण समजत त्या काळचें, असेंहि तो दगड सांगतो. जुनें नांव ठेवलें, जुनी समजूत दुरुस्त केली. लोकांनीं येणें बंद केलें नाहीं. ते दगड वाचतात, गाडी सोडतात, आणि तरीहि चकित होतात. याच्या शेजारीं आमच्या लडाखच्या रस्त्यावरील फलक ठेवून पाहा. गुरुत्वाकर्षणास न जुमानणारी घटना असें त्यावर लिहिलेलें, आणि रस्त्यावर आंखलेल्या चौकटींत गाडी उभी करण्याची सूचना. सरकारी हमरस्त्यावर, पक्क्या रंगानें लिहिलेलें वाक्य मुलांस पाठ्यपुस्तकाइतकेंच प्रमाण वाटतें. आम्ही त्यांस कोणत्या तोंडानें नांवें ठेवावीं?

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कां? गाडी चढली काय आणि उतरली काय! परंतु कान आणि डोळा यांत चार बोटांचें अंतर, हें वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलों. ऐकलेलें खोटें असूं शकतें, पाहिलेलें खरें, असा त्याचा अर्थ. सामान्य व्यवहारांत तो ठीकच आहे. पण त्या कललेल्या घरांत उभें राहिलें असतां बरोबर काय तें कानासच ठाऊक असतें! शरीराचा तोल सांभाळणारें व खालची दिशा ओळखणारें इंद्रिय कानाच्या आंतल्या भागांत आहे. तें आपल्यापरी खरें सांगत असतें. डोळा त्याच्यावर ओरडून त्याचें म्हणणें दाबून टाकतो, आणि त्या दोघांच्या भांडणांत कित्येक प्रेक्षकांस घेरी व मळमळ येते. विमान चालविणाऱ्यांस तर याहून कठीण प्रसंग असतो. रात्रीं किंवा धुक्यांत क्षितिज नाहींसें झालें म्हणजे डोळा मुका होतो, आणि वळणाऱ्या विमानांत कानांतील तें इंद्रियहि खोटें सांगूं लागतें. सन १९९९ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांच्या पुत्राचें विमान रात्रीं समुद्रावर कोसळून तिघांचे प्राण गेले. दिशेचें व तोलाचें भान सुटल्यामुळें वैमानिकाचा विमानावरील ताबा गेला, असाच निर्णय चौकशींत झाला. स्वतःच्या अंगास काय वाटतें तें बाजूस ठेवून समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवणें, हा वैमानिकांच्या शिक्षणांतील मोठा कठीण पाठ समजला जातो. त्याची पहिली, बिनधोक्याची शिकवणी एखाद्या वांकड्या घरांत किंवा उलट्या दिसणाऱ्या रस्त्यावर मिळत असेल, तर ती आम्ही स्वस्त समजतों.

पुढील उन्हाळ्यांत आमच्या शाळेंतील आणखी कांहीं कुटुंबें लडाखास जाणार आहेत असें ऐकतों. त्यांना आमच्या दोनच सूचना. एक, तो वाहता हमरस्ता आहे आणि त्यावरून लष्कराचीं अवजड वाहनेंहि जातात. तेव्हां गाडी सोडून देतांना पुढेंमागें माणूस उभें करावें, आणि चालकाचा पाय ब्रेकवरून हलूं नये. दुसरी, बरोबर हातभर दोरा व एक नट घ्यावा. गवंडी ज्यास ओळंबा म्हणतो तो याहून निराळा नसतो. एका माणसानें तो गाडीच्या बाजूस धरून उभें राहावें, दुसऱ्यानें एक सरळ काठी दोऱ्याशीं काटकोनांत धरावी, आणि रस्त्याचें कोणतें टोंक काठीच्या खालीं जातें तें पाहावें. छायाचित्र काढणें झाल्यास दोरा चित्रांत येईल असें काढावें. आम्ही पुढच्या अंकांत तें आनंदानें छापूं.

फलकाविषयींहि आमची सूचना आहे, आणि ती ज्यांच्या हातीं तें काम आहे त्यांनीं मनावर घ्यावी. टेकडीचें नांव बदलण्याचें कारण नाहीं. तें रूढ झालें आहे व गोडहि आहे. फक्त मोजणीदाराकडून रस्त्याच्या दोन टोंकांची उंची मोजवून ते दोन आंकडे लिहावेत, आणि खालीं एवढेंच घालावें: "हा रस्ता या दिशेस उतरता आहे, तुम्हांस तो चढता दिसेल. इंजिन बंद करा आणि पाहा." हिंदी, इंग्रजी व लडाखी अशा तीन भाषांत लिहिलें तरी रंगाचा एक डबा पुरेल.